आकाशातली फुटकी खोली

प्रयोगशाळा म्हटली की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे कॉलेजातली ती लांबट खोली उभी राहते. काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा, गंधकाचा उग्र वास आणि "कशालाही हात लावू नका" असे बजावणारे मास्तर! तिथे फार तर एखादी परीक्षानळी फुटायची आणि तिचे पैसे अनामत रकमेतून कापले जायचे. पण नळीऐवजी ती खोलीच फुटली तर? आणि ती खोली जमिनीवर नसून ३९० किलोमीटर उंचीवर, ताशी २८ हजार किलोमीटर वेगाने धावत असली तर? जीव घेऊन बाहेर पळावे, तर दाराबाहेर श्वास घ्यायला हवाच नसली तर?

वाचकहो, ही कुणा कादंबरीकाराची कल्पना नव्हे. २५ जून १९९७ रोजी हे खरोखर घडले. ज्या खोलीवर हा प्रसंग आला तिचे नाव ‘स्पेक्त्र’, म्हणजे वर्णपट. रशियाच्या ‘मीर’ या अंतराळस्थानकाची ती एक प्रयोगशाळा होती. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून ‘मीर’च्या हालअपेष्टांच्या बातम्या रोज येत आणि आम्ही त्या चहाबरोबर चवीने वाचत असू. पण पुढे ही हकीगत सलग वाचली तेव्हा मला जाणवले की, त्या बातम्यांत एक गोष्ट जवळजवळ निसटूनच गेली होती. ती गोष्ट म्हणजे चिमूटभर मोहरी! तिच्याकडे आपण शेवटी येऊ. आधी ती खोली कशी होती ते पाहू.

चौकाभोवतालचे बिऱ्हाड

‘मीर’ या रशियन शब्दाचा अर्थ शांती, आणि जग असाही. १९८४ साली आपले राकेश शर्मा ज्या ‘साल्यूत-७’ वर राहून आले, त्याच घराण्यातले हे पुढचे स्थानक. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्याची पहिली खोली आकाशात गेली. पुढची दहा वर्षे, संसार वाढेल तशा माडीला खोल्या जोडाव्यात, तशा तिला नव्या खोल्या जोडल्या गेल्या. १९८७ मध्ये ‘क्वांत’, १९८९ मध्ये ‘क्वांत-२’, १९९० मध्ये ‘क्रिस्ताल’, १९९५ मध्ये ‘स्पेक्त्र’ आणि १९९६ मध्ये ‘प्रिरोदा’. मुख्य खोलीच्या टोकाला एक लहानसा गोल चौक होता. बहुतेक खोल्यांची दारे त्या चौकात उघडत. आपल्याकडच्या चाळीची आठवण व्हावी अशीच ती रचना!

स्पेक्त्रचा जन्मही मोठा विलक्षण. ही सुमारे २० टनांची खोली आखली गेली होती ती शत्रूच्या क्षेपणास्त्रांवर नजर ठेवण्याच्या लष्करी प्रयोगांसाठी. पण १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ मोडला, तिजोरी आटली आणि खोलीचे काम रखडले. मग कालचा शत्रू मदतीला आला. अमेरिकेला आपले अंतराळवीर मीरवर दीर्घकाळ ठेवून अनुभव घ्यायचा होता. अमेरिकेच्या पैशाने स्पेक्त्र पुरी झाली, आणि लष्करी यंत्रांच्या जागी शास्त्रीय उपकरणे आली. वातावरणाचा वेध घेणारी साधने होतीच, शिवाय माणसाच्या शरीरावरील प्रयोगांचे अमेरिकन साहित्यही होते. २० मे १९९५ रोजी बायकोनूरहून निघून ती १ जूनला मीरला जोडली गेली. गंमत अशी की, नॉर्मन थगार्ड हा मीरवरचा पहिला अमेरिकन मार्चमध्येच वर जाऊन बसला होता आणि त्याची बरीचशी उपकरणे मात्र मागाहून स्पेक्त्रबरोबर पोचली. पाहुणा आधी आणि बिछाना नंतर, असला तो प्रकार!

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप करून प्रयोगशाळा वर न्यायचीच कशाला? तर जी एक गोष्ट पृथ्वीवर कितीही पैसे मोजून बराच वेळ मिळत नाही, ती तिथे फुकट मिळते: वजनाचा अभाव. पुष्कळांची समजूत असते की तिथे पृथ्वीची ओढ संपते. तसे मुळीच नाही. त्या उंचीवरही जमिनीवरच्या ओढीपैकी सुमारे ८९ टक्के ओढ शिल्लक असते. पण स्थानक सारखे पडतच असते. पुढे जाण्याचा वेग मात्र इतका की, पडता पडता ते पृथ्वीची गोलाई चुकवत राहते. दोर तुटलेल्या लिफ्टमधल्या माणसाला जे क्षणभर वाटेल, ते इथे महिनोन् महिने चालू राहते. तिथे पाण्यातला बुडबुडा वर येत नाही, तेल पाण्यावर तरंगत नाही आणि मेणबत्तीची ज्योत निमुळती न राहता गोल होते. ज्या ओढीशिवाय कोणत्याही जिवाने आजवर एक दिवस काढलेला नाही, ती काढून घेतली तर शरीराचे, हाडांचे, बीजाचे काय होते, हे पाहायला दुसरी जागाच नाही.

सामानगाडी चुकते

१९९७ च्या उन्हाळ्यात मीरवर तीन माणसे होती. वासिली त्सिब्लियेव हा नायक, अलेक्सांद्र लाझुत्किन हा यंत्रज्ञ आणि मे महिन्यात ‘अटलांटिस’ यानातून आलेला मायकेल फोल. फोल मूळचा इंग्लंडचा, केंब्रिजला शिकलेला खगोलभौतिकीचा डॉक्टर, आणि आता अमेरिकेचा अंतराळवीर. त्याने आपली पथारी स्पेक्त्रमध्येच पसरली होती. प्रयोगही तिथे, झोपही तिथे. दोघा रशियनांनी त्याआधीच पुष्कळ भोगले होते. फेब्रुवारीत प्राणवायू तयार करणाऱ्या नळकांड्याने पेट घेऊन सारे स्थानक धुराने भरले होते. पण त्याहून मोठे संकट पुढे होते.

मीरला अन्नपाणी पोचवायला ‘प्रोग्रेस’ नावाचे बिनमाणसांचे यान येई. सुमारे ७ टनांची ही सामानगाडी ‘कूर्स’ नावाच्या यंत्रणेच्या मदतीने आपोआप येऊन स्थानकाला जोडली जाई. पण कूर्स बनत असे युक्रेनमध्ये. एक देश होता तेव्हा प्रश्न नव्हता. आता युक्रेन परका झाला आणि यंत्राची किंमत रशियाला जड जाऊ लागली. तेव्हा कुणाच्या तरी मनात आले, हे यंत्र हवेच कशाला? मीरमधल्या माणसाने टेलिव्हिजनच्या पडद्यावर पाहून, हातातल्या दांड्यांनी सामानगाडी आत घ्यावी. म्हणजे खर्च वाचला!

मार्च १९९७ मध्ये याची पहिली चाचणी झाली. ऐन वेळी पडद्यावर चित्रच दिसेना आणि प्रोग्रेस मीरच्या जवळून, टक्कर होता होता निसटले. शहाण्या माणसाने इथेच हात जोडले असते. पण चित्र बिघडते ते कूर्सच्या रडारमुळे असेल असा तर्क झाला आणि जूनच्या चाचणीत ते रडारच बंद ठेवायचे ठरले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ७ टनांची गाडी आपल्या अंगावर येत आहे, ती किती लांब आहे आणि किती वेगाने येत आहे, हे सांगणारे साधनच काढून घेतले! उरला तो केवळ पडदा. त्या पडद्यावर प्रोग्रेसच्या डोळ्याने दिसणारे मीर एखाद्या ठिपक्याएवढे, आणि मागे पृथ्वीवरचे पांढरे ढग. ढगांवरचा पांढरा ठिपका मोठा होतो आहे की नाही, हे ओळखून गाडी हाकायची!

२५ जूनला त्सिब्लियेव पडद्यासमोर बसला. लाझुत्किन आणि फोल खिडक्यांतून गाडी शोधू लागले. कुणालाच ती दिसेना. आणि दिसली तेव्हा ती इतकी जवळ आली होती की लाझुत्किनला फोलला एवढेच ओरडून सांगता आले, "सोयूझमध्ये जा!" सोयूझ म्हणजे संकटकाळी पृथ्वीवर परतण्याचे छोटे यान. पुढच्याच क्षणी साऱ्या स्थानकाला हादरा बसला. प्रोग्रेस स्पेक्त्रच्या सौरपंख्यावर आदळले आणि मग खोलीच्या भिंतीवर.

दार लागेना!

धोक्याची घंटा घणघणू लागली. फोलच्या कानांत दडे बसले. घाट उतरताना मोटारीत आपले कान असेच गच्च होतात. पण इथे त्याचा अर्थ एकच होता: हवा गळते आहे.

गळती कुठे आहे हे लाझुत्किनला ठाऊक होते. टक्कर त्याने डोळ्यांनी पाहिली होती. तो स्पेक्त्रच्या दाराकडे धावला, म्हणजे पोहत गेला म्हणा. आता दार ओढून घेतले की झाले! पण दार लागेना. का लागेना, हे चाळीत राहिलेल्या कोणालाही चटकन कळेल. एका खोलीतल्या बटणावरून दुसऱ्या खोलीत तात्पुरती वायर नेलेली असते, ती दारातून जाते, आणि मग ते दार वर्षानुवर्षे पुरते लागतच नाही. स्पेक्त्रच्या दारातून अशा सुमारे १८ तारा आणि हवेची एक जाड नळी गेलेली होती. मीरची जवळजवळ निम्मी वीज स्पेक्त्रच्या सौरपंख्यांवर तयार होई. ती याच तारांतून बाकीच्या खोल्यांत जात होती.

लाझुत्किनने एकेक जोड हाताने उपटायला सुरुवात केली. फोलही मदतीला आला. जे उपटेना ते सुरीने कापले. एका तारेतून ठिणग्या उडाल्या. ती जिवंत वीजवाहक तार होती. ती कापणे म्हणजे आगीशी खेळ, म्हणून आत हात घालून तिचे टोक शोधून सोडवावे लागले. दाब भराभर उतरत होता. अर्ध्या तासाच्या आत दार बंद झाले नसते, तर स्थानक सोडून सोयूझमधून पळ काढण्यावाचून गत्यंतर उरले नसते.

अखेर दार मोकळे झाले. पण स्पेक्त्रचे मूळ दार आतल्या बाजूला होते आणि आत धावणाऱ्या हवेच्या जोरापुढे ते ओढले जाईना. तेव्हा दोघांनी चौकात ठेवलेले एक हलके झाकण आणून तोंडावर धरले. आणि जी हवा इतका वेळ वैरीण झाली होती, तिनेच ते झाकण घट्ट दाबून बसवले! टकरीपासून एवढ्या साऱ्या खटपटीला पंधरा मिनिटेही लागली नव्हती. हवेचा दाब सुमारे एकदशांशाने उतरला होता. तीन माणसे वाचली होती. प्रयोगशाळा मात्र गेली होती. तिच्यासह फोलचे निम्मे प्रयोग, त्याची पथारी, घरच्यांची छायाचित्रे आणि त्याचा दात घासायचा ब्रशसुद्धा!

अंगठ्याचे गणित

संकट एवढ्यावर टळले असते तर ते संकट कसले! धक्क्याने मीर गरगरू लागले होते. सौरपंखे सूर्याकडे राहिनात, निम्मी वीज तर झाकणाआड गेलेलीच. बघता बघता विजेरी घट रिकामे झाले आणि दिवे विझले. पंखेही थांबले. मीरवर राहणाऱ्यांच्या कानांत अष्टौप्रहर पंख्यांची घरघर असे. ती थांबली आणि स्मशानशांतता पसरली. पंखा थांबणे तिथे निव्वळ उकाड्याचे काम नसते. वजनच नसल्यामुळे गरम हवा वर जात नाही, आणि माणूस एका जागी स्थिर राहिला तर त्याचाच उच्छ्वास त्याच्या तोंडाभोवती साचून राहतो.

स्थानकाचे गरगरणे थांबवायचे, तर ते किती वेगाने फिरते आहे हे आधी कळले पाहिजे. मोजणारी यंत्रे निपचित पडलेली. तेव्हा फोलने काय केले? हात लांब करून त्याने अंगठा खिडकीच्या काचेसमोर धरला, आणि तारे अंगठ्याआडून किती वेळात सरकतात ते मोजले. उत्तर आले, सेकंदाला सुमारे एक अंश. ते खालच्या नियंत्रण केंद्राला कळवले, त्यावरून तिथल्या लोकांनी क्षणभर इंजिने पेटवली आणि गरगर थांबली! कोट्यवधी डॉलरच्या यंत्रांनी हात टेकले आणि अंगठ्याने बाजी मारली. मग सोयूझच्या छोट्या इंजिनांनी त्सिब्लियेवने सारे स्थानक हळूहळू सूर्याकडे वळवले.

जुलैत दुष्काळात तेरावा महिना आला. त्सिब्लियेवच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले, म्हणून त्याला दुरुस्तीच्या कामातून काढण्यात आले. पुढे तयारी चालू असताना एक तार चुकून निघाली आणि स्थानक पुन्हा अंधारात गेले. इकडे पृथ्वीवर दोषाचे खापर नायकाच्या माथी फुटू लागले होते. मला विचाराल तर, हा न्याय नव्हे. अंतर दाखवणारे साधन काढून घ्यायचे आणि मग अंतर चुकले म्हणून गाडीवाल्याला बोल लावायचा, हे कोणत्या शास्त्रात बसते? बचत ज्यांनी ठरवली ते खुर्चीत होते आणि जोखीम ज्यांच्या अंगावर आली ते आकाशात! समाधानाची गोष्ट एवढीच की, हाच त्सिब्लियेव २००३ साली गागारिन अंतराळवीर प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख झाला.

ऑगस्टमध्ये अनातोली सोलोव्योव आणि पावेल विनोग्रादोव ही ताज्या दमाची जोडी वर आली. २२ ऑगस्टला दोघे अंतराळपोशाख चढवून स्पेक्त्रमध्ये शिरले. घरातल्याच एका खोलीत जायला अंतराळपोशाख! विनोग्रादोवच्या हातमोज्यातून सुरुवातीलाच हवा गळू लागली, तेव्हा थांबून मोजा बदलावा लागला. मग त्यांनी नव्या बनावटीचे झाकण बसवले. त्यातून तारा जात, पण हवा जात नसे. त्या झाकणातून स्पेक्त्रच्या पंख्यांची बरीचशी वीज परत मिळाली. ६ सप्टेंबरला सोलोव्योव आणि फोल यांनी बाहेरून सहा तास भिंत चाचपली. भोक काही सापडले नाही. ते शेवटपर्यंत कधीच सापडले नाही.

आणि ती मोहरी…

आता कबूल केल्याप्रमाणे मोहरीकडे वळू. ‘क्रिस्ताल’ या शेजारच्या खोलीत ‘स्वेत’ नावाचे एक पेटीवजा रोपघर होते. स्वेत म्हणजे रशियनमध्ये प्रकाश. आपला ‘श्वेत’ त्याचाच भाऊबंद! तिथे फोलने मोहरीच्या कुळातल्या, झटपट वाढणाऱ्या एका वनस्पतीचे बी पेरले होते. प्रश्न साधा पण पुरातन होता. बी रुजते, रोप होते, फूल येते, शेंग धरते, पुन्हा बी होते, या साऱ्या चक्रात पृथ्वीच्या ओढीवाचून कुठे अडते का? त्याआधीच्या प्रयोगांत रोपे अवकाशात रखडत, आणि पुष्कळदा फुलण्याफळण्याच्या वेळी दगा देत.

टक्कर झाली, वीज गेली, फोलचे अर्धे काम झाकणाआड गाडले गेले. पण ही रोपे दुसऱ्या खोलीत होती म्हणून वाचली. फोलने ती जपली. अवकाशात मधमाशी कुठून आणणार? तेव्हा एकेका फुलावर त्याने स्वतःच्या हाताने पराग घातले. शेंगा धरल्या. त्यांत बी भरले. १२२ दिवसांत ओळीने तीन पेरण्या झाल्या, आणि बियांपासून पुन्हा बियांपर्यंतचे चक्र अवकाशात पुरे होते, हे सिद्ध झाले!

पण निसर्ग फुकट काही देत नाही. ते बी पृथ्वीवर जाऊन तपासले तेव्हा दिसले की, दाणा लहान आहे. त्यातल्या दळांत पेशी जमिनीवरच्या दाण्याच्या वीस टक्क्यांहूनही कमी. पृथ्वीवरच्या दाण्यात प्रथिने आणि तेल साठते, या दाण्यात पिष्ठ तसेच राहून गेलेले. म्हणजे ओढीवाचून झाडाचे अडत नाही, पण बियांचा कस उतरतो. चंद्रावर किंवा मंगळावर जाणाऱ्या माणसाला आपले अन्न तिथे पिकवायचे असेल, तर त्याने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ल यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर मेथी आणि मुगाला मोड आणून पाहिले, तेही याच वाटेवरचे पुढचे पाऊल.

६ ऑक्टोबर १९९७ रोजी फोल सुखरूप परतला. २३ मार्च २००१ रोजी मीर दक्षिण प्रशांत महासागरावर जळत कोसळले आणि त्याबरोबर ती फुटकी खोलीही गेली. २० टनांची, दोन महासत्तांनी मिळून उभी केलेली प्रयोगशाळा निम्म्यातच बंद पडली, आणि प्रश्नाचे उत्तर दिले ते शेजारच्या खोलीतल्या बोटभर रोपांनी. कारण वीज नसताना, घर अर्धे फुटलेले असताना, उद्याची शाश्वती नसताना एक माणूस रोज उठून त्यांच्यापाशी जात होता.

यंदा फराळाच्या चिवड्याला फोडणी देताना मोहरी तडतडेल, तेव्हा तिच्या त्या आकाशात वाढलेल्या चुलत बहिणीची आठवण जरूर काढा. घरात शाळकरी मुले असतील तर त्यांना दोन-चार दाणे मागून घेऊ द्या आणि कुंडीत पेरू द्या. पृथ्वीची ओढ आपल्याला आयती मिळालेली आहे. ती त्या इवल्या दाण्यात काय भरते, हे त्यांना त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्या!